रोमच्या बाईचं नाक

सास्तूरमध्ये माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक तिथल्या तिथं सोडून देतात, आणि उरलेल्या निम्म्यातलं हसण्यापुरतं घरी नेतात. माझी तक्रार नाही. सवय मीच लावलेली आहे. निजामाच्या हत्तीचा फोटो काढताना हत्ती एवढा ऐटीत फुगला, की त्याला चौकटीत बसवायला मला दोन सागवानी दारं फोडावी लागली, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हत्ती लोकांना आवडतो, म्हणून चालू ठेवलाय. आता जे सांगणार आहे त्यात हत्ती नाही. असता तर बरं झालं असतं, त्याच्या मागं लपता आलं असतं.

मी जाफर. गावात माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांचे, नवराबायकोचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो काचेत घालून देतो. आधी फोटोही काढायचो. मग मोबाइल आले, प्रत्येकाच्या खिशात एकेक जाफर जाऊन बसला, आणि मी फक्त चौकटीपुरता उरलो.

यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी नंदीश मोटारसायकलवरून आला. पाठीला बंदूक बांधावी तशी त्यानं पुठ्ठ्याची लांब नळी बांधली होती.

"चाचा, हे चौकटीवर ताणून द्या. चार दिसांत पायजे."

"काय हाय? तोफ?"

"ताईनं धाडलंय. इटलीहून."

ताई म्हणजे शिवप्रिया, त्याची थोरली बहीण. पोरगी पुण्यात शिकली, पुढं परदेशात गेली आणि तिथल्या एका म्युझियममध्ये मोडक्या मूर्तींची निगा राखायच्या कामाला लागली. हे काम गावाला कधी नीट उमगलं नाही. एवढं शिकून दगडं पुसते, असं लोक म्हणायचे. मी सांगायचो की ती दगडांची डॉक्टर आहे आणि तिच्या हाताला गुण एवढा आहे की मागच्या साली एक पुतळा शिंकला.

नळीतून कॅनव्हास निघाला. जाड कापडावर छापलेला फोटो, चांगला दीड हात रुंद. आम्ही दोघांनी तो टेबलावर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर खिळ्यामोळ्यांचे डबे ठेवले. चित्रात एका बाईचं दगडी डोकं होतं. केसांच्या बारीक बारीक वळ्या, मधोमध भांग, ओठ मिटलेले. एक कान उडालेला. हनुवटीचा टवका गेलेला. आणि नाकाच्या जागी नुसता खडबडीत खळगा.

"कोण गं बाई ही?" मी म्हणालो.

नंदीशनं सोबतचा इंग्रजी कागद वाचला. "रोमची हाय. दोन हजार वर्सं झाली. नाव कुणाला ठावं न्हाय. इहिरीत सापडली म्हणं."

"आणि आमच्याकडं कशाला आली?"

"आजीसाठी. आजीच्या खोलीत लावायची." मग त्यानं आवाज खाली आणला. "चाचा, ताईनं हट्ट धरलाय. आजी फोटोला बसली तरच मी बसणार म्हणती. न्हायतर लग्नात एक बी फोटो काढायचा न्हाय."

"आजी काय म्हणती?"

"आजी म्हणती, नका काढू. लगीन काय फोटोनं लागतंय का?"

लग्नाला पंधरा दिवस उरले होते. शिवप्रियाचंच लग्न.

नंदीशची आजी म्हणजे इरम्माक्का. वय ऐंशीच्या घरात. आमच्या गावाची, भूकंपाच्या आधीच्या गावाची आणि नंतरच्याही गावाची थोरली अक्का. त्र्याण्णव साली त्या पहाटे घराचं मातीचं माळवद खाली आलं, त्यात तिचा नवरा गेला, आणि तुळईचा मार बसून तिच्या नाकाचं हाड मोडून एका अंगाला बसलं. दवाखान्यातून घरी आली, शेती बघितली, पोरं मोठी केली, भांडणं सोडवली. पण फोटो म्हटलं की उठायची. तीस वर्षांत गावात जेवढी लग्नं झाली, त्यातल्या एकाही फोटोत इरम्माक्का नाही. ती त्या वेळी मांडवामागं वाढप्यांना हुकूम सोडत असायची. एक आधार कार्डाचा फोटो तेवढा आहे, पण तिथं नाक धड असलेल्याचंही नाक दिसत नाही.

नंदीश गेल्यावर मी त्या दगडी बाईकडं बराच वेळ बघत बसलो. मला शिवप्रियाचा राग आला. पोरगी शिकली, पण अक्कल परदेशातच राहिली. नाक मोडलेल्या म्हातारीला नाक मोडलेल्या बाईचं चित्र? रोज सकाळी उठून तिनं हे बघायचं? शिवाय खंडित मूर्ती कुणी घरात ठेवत नाही, हे मला मुसलमानाला कळतं, आणि हिला कळू नये?

आणि मग माझे हात चालायला लागले.

हे हातांचं सांगायला हवं. भूकंपानंतरची दोन-तीन वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. लोक ढिगाऱ्यातून निघालेले फोटो घेऊन यायचे. ओले, फाटके, काचेनं ओरखडलेले. कुणाचा डोळा गेलेला, कुणाचं अर्धं कपाळ. मी बारीक ब्रशनं ते भरून द्यायचो. बापाचा डोळा नसेल तर समोर बसलेल्या लेकाचा बघून काढायचो. कुणी मला 'हे असं कर, हे तसं कर' सांगितलं नाही. मोडलेलं हातात आलं की नीट करून द्यायचं, एवढंच काम. बायका तो फोटो छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर बसायच्या. त्या कामाची मला अजूनही लाज वाटत नाही.

त्यातलीच एक गोष्ट मी तीस वर्षं मिरवली. भूकंपानंतर दोन वर्षांनी इरम्माक्का स्वतःहून दुकानात आली, खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "जाफर, जशी हाय तशी काढ." मी फोटो काढला. मग तीन दिवस खपून त्यावरचं नाक असं सुरेख सरळ केलं, की तुळजापूरच्या भवानीनं बघून मान डोलवावी. आठव्या दिवशी चांगल्या फ्रेममध्ये घालून हातात दिला, तर अक्काच्या डोळ्यांतून पाणी. "बोलता येईना तिला आनंदानं," असं मी सांगायचो. ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस लोहारा तालुक्यात नसेल. हत्तीच्या खालोखाल हीच चालायची.

तर मी ऑइल कलरच्या ट्यूबा काढल्या. दगडाचा रंग जमवणं सोपं नसतं. राखाडी घातला की मेलेलं दिसतं, पिवळा घातला की कावीळ झाल्यासारखं. दोन दिवस रंग जमवण्यात गेले. माझी बायको जमिलाबी चहा घेऊन आली, चष्मा वर करून बघत राहिली.

"अजी, पूछे क्या उनको?"

"कुणाला?"

"जिनकी तस्वीर है उनको."

"ती दोन हजार वर्सांमागं मेली."

"मैं नंदीश के घरवालों का बोल रही."

मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. कारागिराला कामात असताना उत्तरं द्यावी लागत नाहीत, हा आमच्यातला जुना फायदा आहे. संध्याकाळी नाक पुरं झालं. जमिलाबीनं पुन्हा येऊन बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ये तो मेरी नाक है!"

होती खरी. पन्नास वर्षं समोर तेच नाक बसलंय, हाताला दुसरं येणार कुठून? हनुवटीही भरून टाकली, कानही दिला. दुकानात येणाऱ्यांना मी सांगून टाकलं की ही रोमच्या सावकाराची बायको. आमच्या जिल्ह्यातल्या तेर गावी पूर्वी रोमचे व्यापारी यायचे हे तर शाळेत शिकवतात, तेव्हा ही नवऱ्याबरोबर आली होती आणि आमच्या मूळ पुरुषाकडून आरशाची चौकट करून घेऊन गेली. लोक हसले. कुणी नाकाबद्दल विचारलं नाही, कारण नाक बेमालूम होतं.

पाचव्या दिवशी मी आणि नंदीशनं चित्र नेऊन अक्काच्या खोलीत टांगलं. अक्का बाजेवर बसली होती. पदर नेहमीसारखा नाकावरून ओढलेला. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"ही कोण रं?"

"रोमची बाई, अक्का. तुमच्या नातीनं धाडली."

"अशीच हुती का ही?"

बघा, इथं मला दार उघडं होतं. "न्हाय अक्का, नाक म्या लावलं," एवढं म्हणायला किती लागतं? पण चांगलं झालेलं काम समोर होतं, आणि ते आपलं म्हणून सांगण्यापेक्षा रोमचं म्हणून बघण्यात जास्त मजा होती.

"अश्शीच," मी म्हणालो. "दोन हजार वर्सं झाली, एक टवका उडाला न्हाय."

अक्कानं पदर आणखी पुढं ओढला. मग नंदीशला म्हणाली, "ताईला सांग, लई देखणी हाय म्हणावं." आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. पडद्यावर शिवप्रिया.

"चाचा, नमस्कार! ताणलं का चित्र?"

"ताणलं बाळा. लावलं बी."

"लावलंत? मला खरं तर स्वतः द्यायचं होतं आजीला. बरं, असू दे. चाचा, तिचं नाक बघितलंत ना?"

मी म्हणालो, "बघितलं."

"तेवढ्यासाठीच निवडलं मी. आमच्याकडं अख्खे पुतळे ढिगानं आहेत, त्यांच्यासमोर कुणी थांबत नाही. हिच्यासमोर लोक उभे राहतात. मी तिथं लागले तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या मुख्य बाईंनी मला हिच्यापुढं उभं केलं आणि म्हणाल्या, हिचं जे गेलंय ते आपण लावायचं नाही. आपल्याला काय माहीत ते कसं होतं? चाचा, मला एकदम आजीच दिसली हो. मी आजीला ते सांगणार आहे. म्हणजे मग ती फोटोला..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "तुमच्या हातून फ्रेम झाली ते बरं झालं. दुसऱ्या कुणी काहीतरी केलं असतं."

"व्हय, व्हय," मी म्हणालो. "लई बरं झालं."

फोन बंद झाला. जमिलाबी दारात उभी होती, सगळं ऐकलेलं. ती बोलली असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं.

शिवप्रिया चार दिवसांत येणार होती. मी अक्काच्या घरी गेलो, फ्रेम ढिली झालीय म्हणून सांगितलं आणि चित्र काढून परत दुकानात आणलं. डोक्यात एकच होतं: रंग अजून ओला आहे, टर्पेंटाइननं पुसला तर खालचं जसंच्या तसं मिळेल. कापूस बुडवला, हळूच फिरवला. नाक गेलं. मला हायसं वाटलं. मग बघतो तर नाकाबरोबर खालची छपाईही कापसावर आलेली. खडबडीत खळगा गेला, त्याच्या सावल्या गेल्या. रोमच्या बाईच्या तोंडावर मधोमध पांढरं फटक कापड. मी घाईनं कडा सारख्या करायला गेलो आणि ओठाचा कोपराही पुसला गेला. दोन हजार वर्षं विहिरीत राहून जेवढं झालं नाही तेवढं मी पाऊण तासात केलं.

माझ्याजवळ गोष्टी खूप होत्या. उंदरानं कुरतडलं. छपाईच कच्ची होती. नंदीशनं नळी उन्हात ठेवली. रात्रभर एकेक गोष्ट अंगावर घालून बघितली, आणि खरं सांगतो, दोन-तीन अगदी फर्मास बसत होत्या. सकाळी चित्र काखेत मारून मी अक्काच्या घरी गेलो. ती एकटीच बाजेवर बसून मांडीवरच्या सुपात शेंगा फोडत होती. मी चित्र तिच्यासमोर भिंतीला टेकवलं.

"अगं बाई," अक्का म्हणाली. "काल तर नाक हुतं."

"काल जे हुतं ते म्या लावलेलं. ही नाक मोडलेलीच आली हुती, अक्का. शिवप्रियानं मुद्दाम तशी धाडली, तुमच्यासाठी. म्या तुम्हाला खोटं सांगितलं. मग पुसाय गेलो आणि हे झालं."

शेंगा फोडणं थांबलं. "नाक मोडलेली? म्युझियममदी? तिकीट काढून बघत्यात तिला?"

"व्हय."

"आणि तू तिला बी नीट केलंस."

तो 'बी' मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुमचा फोटो केला तवा तुम्हाला किती..."

"मला किती काय?"

"आनंदानं रडला हुता की तुम्ही."

अक्कानं सूप बाजूला ठेवलं. तिनं पदर खाली घेतला. एवढ्या वर्षांत मी ते नाक उजेडात सरळ समोर कधी बघितलंच नव्हतं. फोटो काढतानाही मी बघत होतो ते मी लावणार असलेलं नाक.

"रडले, खरं हाय," ती म्हणाली. "गावभर सांगत फिरतूस ते बी कानावर येतंय माझ्या. पर कशानं रडले ते तू कधी इचारलंस? दोन वर्सं आरशात बघून बघून म्या ह्या नाकाला माझं म्हणलं हुतं, जाफर. लई जड गेलं. मग एक दिस हिंमत करून तुझ्याकडं आले. जशी हाय तशी काढ, म्हणले. म्हणले का न्हाय?"

"म्हणला."

"आणि तू दुसरीच बाई आणून हातात दिलीस. मेलेल्यांची तोंडं नीट करायचास, तसं माझं केलंस. म्या जित्ती हुते की रं."

मी जमिनीकडं बघत होतो. शेंगांची टरफलं होती तिथं.

"मला वाटलं, रोज कसली कसली तोंडं बघणाऱ्या जाफरला बी माझं तोंड बघवंना, तर दुसऱ्या कुणाला काय बघवंल? तवापासनं फोटोला बसले न्हाय."

"तवाच का बोलला न्हाय, अक्का?"

"किती खुशीत हुतास! तीन दिस खपलो, तीन दिस खपलो म्हणून नाचत हुतास. काय बोलू?" मग तिनं भिंतीकडं हनुवटी केली. तिथं महादेवाचा फोटो होता. "फ्रेम तेवढी ब्येस हुती, म्हणून महादेवाला दिली. ती बाई अजून त्याच्या मागं हाय."

फ्रेम माझीच होती. कडेची वेलबुट्टी माझ्या हातची. ह्या खोलीत मी कमीत कमी शंभर वेळा चहा प्यायलो असेन.

माफी मागायची असते हे मला ठाऊक आहे. पण मी नुसता तिच्या पायांपाशी खाली बसलो. अक्कानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"ऊठ, गुडघं धरतील. ते चित्र टांग परत. ह्या बाईचं नाक दोनदा गेलं, दोन्ही टायमाला तिला कुणी इचारलं न्हाय."

शिवप्रिया आली तेव्हा मी आपण होऊन तिला सगळं सांगितलं. ती चित्रापुढं हाताची घडी घालून उभी राहिली. "चाचा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, आजीनं बोलावलंय.

अक्का म्हणाली, "फोटोला बसणार हाय म्या. नातीचं मन मोडवत न्हाय. पर तू समोर दिसायचं न्हाय. तू बघाय लागलास की मला वाटंल, मनातल्या मनात नाक बसवाय लागलाय."

"बरं, अक्का."

"वाढप्यांकडं बस. तिथली जागा आता रिकामी हाय."

लग्न शाळेच्या मैदानावर झालं. हजार-बाराशे माणूस. अक्षता पडल्या, पंगती बसायच्या होत्या. मी मांडवाच्या कापडामागं पाण्याचे जार आणि पत्रावळ्यांच्या चळती सांभाळत बसलो होतो. गव्हाच्या हुग्गीचा वास सुटला होता. येणारा-जाणारा विचारायचा, "चाचा, तुम्ही इथं? हत्ती कुठाय?" मी पत्रावळ्या मोजायचो.

समोर फोटो सुरू झाले. फोटोग्राफर लोहाऱ्याचा कृष्णराज, ह्या भागातला आताचा मोठा माणूस, ड्रोनबिन उडवणारा. "घरची मंडळी या! मामा, जरा सरका! आजी, मधी बसा, नातीजवळ!"

न बघण्याचं कबूल केलं होतं. पण कापडाला एक फट होती. मी बघितलं. इरम्माक्का हिरव्या इरकलीत, खुर्चीत ताठ. पदर डोक्यावर, तोंड उघडं. शिवप्रियाचा हात तिच्या हातात.

कृष्णराजनं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि लाडानं म्हणाला, "आजी, हसा की! नाकाचं टेन्शन घेऊ नका, ते मी नंतर कॉम्प्युटरवर सरळ करून देतो. कुणाला कळणार बी न्हाय!"

अक्काचं हसू तिथंच राहिलं. तिचा मोकळा हात उठला आणि पदराकडं निघाला.

मी कधी बाहेर आलो मला आठवत नाही. एवढं आठवतं की काखेत पत्रावळ्यांची चळत होती आणि ती मांडवभर उधळली. "हात लावू नको!" मी ओरडलो. "त्या नाकाला हात लावू नको!"

वाजंत्री थांबली. हजार माणूस माझ्याकडं बघायला लागलं.

कृष्णराज गोंधळला. "चाचा, तुमच्याकडनंच शिकलो की! तुम्हीच सांगता न्हवं, अक्काचं नाक सरळ केलं आणि अक्का आनंदानं रडली? तीच गोष्ट ऐकून म्हणलं म्या."

"ती गोष्ट खोटी हाय," मी म्हणालो.

कुणीतरी फिसकन हसलं.

"अक्का आनंदानं रडली न्हवती. जशी हाय तशी काढ म्हणली हुती, आणि म्या मेलेल्या माणसासारखं तिचं तोंड रंगवलं. तवापासनं ती कुठल्या फोटोत न्हाय ती माझ्यामुळं. तीस वर्सं म्या तुम्हाला उलटं सांगितलं."

आता सगळा मांडव हसायला लागला. पुढच्या रांगेतले पुढं वाकून बसले, मागचे उठून उभे राहिले. जाफरनं नवी गोष्ट काढली, आता ह्यात काय निघतंय? "हत्तीनं सोंडेनं रंगवलं का?" असं कुणीतरी ओरडलं आणि हशा दुप्पट झाला. मी दोन्ही हात वर केले, "खरंच हाय, कसम से," म्हणालो, तर त्यावरही हसले. मी रडत होतो, आणि लोकांना वाटत होतं की ह्या वेळी म्हातारा काय फक्कड नाटक करतोय. आयुष्यभर मी ह्याच माणसांना हसायला शिकवलं होतं. ती शिकल्याप्रमाणं हसत होती.

इरम्माक्का खुर्चीतून उठली.

"हसू नका," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण तिला मोठ्यानं बोलायची गरज कधीच पडली नाही. "आज खरं बोलाय लागलाय त्यो."

मांडव गप्प झाला. लोकांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग एकेकानं मान खाली घातली. हसणं बरं होतं असं मला वाटलं.

अक्का परत बसली. पदराचं टोक तिनं कानामागं खोचलं, शिवप्रियाचा हात पुन्हा धरला, आणि कृष्णराजला म्हणाली, "काढ आता. जशी हाय तशी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आणि तू, त्या पत्रावळ्या उचल. माणसं उपाशी हायत."

मी पत्रावळ्या गोळा केल्या आणि कापडामागं गेलो. कॅमेऱ्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. फट होती तिथंच होती. मी त्या फटीकडं पाठ करून बसलो.